बडवानी ते व्हिएन्ना : अण्वस्त्र-वाटाघाटींचे जाणकार कसे घडतात

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया या शहरात, एका रेडिओथेरपी दवाखान्याने सोडून दिलेल्या ओसाड इमारतीतून दोघांनी एक जड यंत्रभाग भंगारात विकण्यासाठी उचलून नेला. त्याच्या पोटात सीझियम-१३७ होते. डबी फुटली. अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी पाहून भंगारवाल्याचे नातेवाईक आणि शेजारी हरखून गेले. काहींनी ती अंगालाही चोळली. उलट्या, जुलाब आणि त्वचेवरील व्रण घेऊन जे रुग्ण पुढे डॉक्टरांकडे आले, त्यांना आरंभी अन्नातून काही बाधले असावे, एखादा उष्णकटिबंधीय रोग असावा, असेच समजले गेले. खरे निदान होईपर्यंत दोन आठवडे उलटले होते. चार जण दगावले, सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य आढळले. आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० ने असाच एक बळी घेतला. ते उपकरण एका विद्यापीठाने लिलावात काढलेले होते.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत अण्वस्त्र प्रसारबंदीवर लेख कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी ही दोन उदाहरणे प्रथम दिली. किरणोत्सर्गी द्रव्य कोठे आहे, किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि ते ज्या कामासाठी दिले त्याच कामासाठी वापरले जात आहे काय, हे चार प्रश्न जसे रुग्णालयातील कोबाल्टच्या यंत्राला लागू पडतात, तसेच ते एखाद्या देशाच्या प्लुटोनियमच्या साठ्यालाही लागू पडतात. पहिल्याचे उत्तर नियामक मंडळाकडे असते. दुसर्‍याचे उत्तर मिळवण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार, त्यांच्या वाटाघाटी आणि निरीक्षक लागतात, आणि ही माणसे कोठून तरी शिकून यावी लागतात. अणुशास्त्र कळते, कायद्याची भाषा कळते आणि समोरच्या देशाचा इतिहासही कळतो, अशी माणसे जगात मोजकी आहेत. ती कशी तयार होतात हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या निमाडापासून करता येते. डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९४३ रोजी बडवानी येथे झाला. वडील पुरुषोत्तम काकोडकर हे गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते. पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून थेट पोर्तुगालला नेले. आई कमलाताईंनी मुलाला वाढवले. शालेय शिक्षण बडवानी आणि खरगोणला झाले. पुढे मुंबईचे रुपारेल महाविद्यालय, माटुंग्याची व्हीजेटीआय, आणि १९६३ साली यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी हाती येताच तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनेचे प्रशिक्षण विद्यालय. हे विद्यालय डॉ. होमी भाभांनी १९५७ साली सुरू केले. पदवीधर घ्यायचे, त्यांना वर्षभर भौतिकी, रसायन, अभियांत्रिकी आणि किरणोत्सर्ग-सुरक्षा अशा सर्व शाखांचे एकत्र शिक्षण द्यायचे आणि मग प्रयोगशाळेत कामाला लावायचे, अशी ही पद्धत. वैद्यकीय मंडळींना ती अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडे इंटर्नशिप जे काम करते, तेच हे विद्यालय अणुविभागासाठी करीत आले आहे.

तेथे राजनय शिकवला जात नव्हता. तथापि भारताच्या अणुवाटाघाटींत पुढे या विद्यालयाचे विद्यार्थीच बसले, आणि त्यांना राजनय शिकवला तो प्रसंगांनी. त्यातला सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राच्या किनार्‍यावर, तारापूरला मिळाला.

तारापूर अणुवीज केंद्रासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ साली करार झाला. अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियमचे इंधन पुरवायचे आणि भारताने तेथे बाहेरची देखरेख मान्य करायची, असा तो व्यवहार. १९६९ मध्ये केंद्रातून वीज मिळू लागली. पुढे १८ मे १९७४ रोजी पोखरणची चाचणी झाली. ती तारापूरच्या इंधनातून झालेली नव्हती. परंतु अमेरिकन काँग्रेसने १९७८ साली नवा अंतर्गत कायदा केला, आपल्या सर्व अणुकेंद्रांवर देखरेख न स्वीकारणार्‍या देशाला इंधन देण्यास मनाई केली आणि पुरवठा अडकला. करार तीस वर्षांचा, पण समोरच्या देशाने मध्येच घरचा कायदा बदलला तर काय करायचे, याचे नेमके उत्तर त्यात लिहिलेले नव्हते. १९८२ साली फ्रान्सने इंधन द्यावे असा तोडगा निघाला. पुढे १९९५ मध्ये चीनकडून आणि २००१ मध्ये रशियाकडून इंधन आणावे लागले. वाटाघाटींचे शिक्षण घेणार्‍या कोणत्याही भारतीय विद्यार्थ्याला तारापूरची ही केस हिस्टरी तोंडपाठ असली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या हकिकतीचा परिणाम तीस वर्षांनी दिसला. १८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टन येथे डॉ. मनमोहन सिंग आणि अध्यक्ष बुश यांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. त्या वेळी काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. आदल्या रात्रीपर्यंत मसुद्याला त्यांचा होकार मिळालेला नव्हता, आणि तो मिळाल्याखेरीज पंतप्रधान पुढे जाण्यास राजी नव्हते, हे त्या वाटाघाटींत भाग घेतलेल्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. पुढच्या आठ महिन्यांत लष्करी आणि नागरी अणुकेंद्रे वेगळी करण्याची योजना आखायची होती. कोणती भट्टी देखरेखीखाली जाईल आणि कोणती जाणार नाही? अमेरिकेत कल्पाक्कमच्या द्रुत प्रजनक अणुभट्ट्याही यादीत याव्यात असा आग्रह होता. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी एका इंग्रजी दैनिकाला मुलाखत देऊन त्याला उघड विरोध केला. थोरियमपर्यंत पोहोचण्याचा आपला तीन टप्प्यांचा कार्यक्रम आणि संरक्षणाची गरज, दोन्ही त्या भट्ट्यांशी जोडलेल्या आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. सरकारी सेवेतील शास्त्रज्ञाने वाटाघाटी चालू असताना वृत्तपत्रात बोलावे काय, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. शिस्तीच्या दृष्टीने ती टीका अगदीच गैर नव्हती. परंतु मार्च २००६ मध्ये जी योजना मान्य झाली, तीत २२ पैकी १४ अणुभट्ट्या देखरेखीखाली गेल्या आणि कल्पाक्कमच्या प्रजनक भट्ट्या बाहेर राहिल्या.

२००७ साली तयार झालेल्या नागरी अणुसहकार्य कराराच्या पाचव्या कलमात तारापूरचे उत्तर सापडते. भारताने अणुभट्ट्यांच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा राखीव साठा करण्याच्या प्रयत्नांना अमेरिकेने पाठिंबा द्यावा, आणि पुरवठा खंडित झालाच तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन यांसारख्या मित्रदेशांना एकत्र बोलावून तो पूर्ववत करावा, असे तेथे शब्दांत बांधून घेतले आहे. १ ऑगस्ट २००८ रोजी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने भारताशी करावयाच्या देखरेख-करारास मान्यता दिली. ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबरला भारत-अमेरिका करारावर सह्या झाल्या. या प्रक्रियेत परराष्ट्र खात्याच्या बाजूने काम करणार्‍यांत एस. जयशंकर होते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील त्यांच्या डॉक्टरेटचा विषय अणुराजनय हाच होता. त्यांचे वडील के. सुब्रह्मण्यम यांनी मात्र रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन प्रशासकीय सेवेत प्रवेश केला होता, आणि या विषयाचा अभ्यास त्यांना बव्हंशी स्वतःच उभा करावा लागला. एका घरातील दोन पिढ्यांतला हा फरक बोलका आहे.

वाटाघाटी म्हणजे केवळ होकार मिळवणे नव्हे. १९९६ साली जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराचा मसुदा तयार होत होता. अशा मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवतात, आणि एकेका कंसासाठी आठवडेच्या आठवडे खर्च होतात. नवशिक्याला प्रथम हे कंस वाचायला शिकावे लागते. भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष होत्या. चौदाव्या कलमात असे लिहिले गेले की, परिशिष्टातील ४४ देशांनी मान्यता दिल्याखेरीज करार अमलात येणार नाही. या ४४ मध्ये भारतही होता. जो देश सही करणार नाही असे सांगत आहे, त्याच्यावरच अंमलबजावणी अवलंबून ठेवणे म्हणजे त्याच्या सार्वभौम निर्णयावर दडपण आणणे, अशी भारताची भूमिका होती. २० जून १९९६ रोजी घोष यांनी भारताचा नकार परिषदेत मांडला. पुढे ऑस्ट्रेलियाने मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला आणि १० सप्टेंबरला तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. भारताबरोबर त्या वेळी केवळ भूतान आणि लिबिया होते. करार अजूनही अमलात आलेला नाही. रशियाने तर २०२३ साली आपली मान्यता मागे घेतली.

या करारामागे एक शास्त्रीय प्रश्न होता, तो डॉक्टरांना आवडेल असा आहे. जमिनीखाली झालेला हादरा भूकंपाचा की स्फोटाचा, हे दूर बसून कसे ओळखायचे? भाभा केंद्राने १९६५ पासून कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची मोठी मांडणी चालवली आहे आणि तेथील शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या तज्ज्ञगटात भाग घेतला. स्फोटात सर्व दिशांना एकदम दाब निर्माण होतो, म्हणून आधी पोहोचणार्‍या प्राथमिक लहरी जोरदार आणि पृष्ठभागावरून येणार्‍या लहरी तुलनेने क्षीण असतात. भूकंपात खडक एकमेकांवर सरकतात, त्यामुळे पृष्ठलहरी मोठ्या उमटतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत झाला तो भूकंपच, हे आलेखावरून सांगता येते. आलेख पाहून हृदयविकार आणि घबराट यांत फरक करणार्‍या वाचकांस अधिक सांगणे नलगे.

निरीक्षकाचे काम त्याहूनही वैद्यकीय वाटावे असे आहे. व्हिएन्नाच्या संस्थेचा निरीक्षक अणुकेंद्रात जातो तेव्हा हिशोबवह्या पाहतो, सीलबंद पेट्यांची सीले आणि कॅमेर्‍यांची चित्रे तपासतो, आणि सुती कापडाच्या लहान तुकड्यांनी भिंती, नळ व यंत्रे पुसून ते तुकडे पिशवीत बंद करून पाठवतो. आपल्या भाषेत हा स्वॅबच. व्हिएन्नाजवळच्या साइबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळा त्यातील डोळ्यांना न दिसणार्‍या कणावरूनही युरेनियम किती समृद्ध केले गेले ते सांगू शकते. २००३ साली इराणमध्ये उच्च समृद्ध युरेनियमचे असे कण सापडले. ते तेथेच तयार झाले की आयात केलेल्या जुन्या यंत्रभागांवरून आले, हा वाद त्यानंतर रंगला, आणि बरेचसे कण पाकिस्तानातून आलेल्या भागांवरचे निघाले. नमुना दूषित होऊ शकतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकलेले सत्य येथे आंतरराष्ट्रीय राजकारणात उपयोगी पडले. या संस्थेच्या हिशोबात आठ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधील पंचवीस किलो यू-२३५ ही लक्षणीय मात्रा मानली जाते. एवढे द्रव्य हिशोबातून निसटले तर एक अस्त्र तयार होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

असे शिक्षण आज कोठे मिळते? संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण शिष्यवृत्ती १९७८ च्या विशेष अधिवेशनात ठरली आणि १९७९ पासून चालू झाली. दरवर्षी सुमारे पंचवीस तरुण अधिकारी तीत निवडले जातात आणि जिनिव्हा, व्हिएन्ना, हेग, न्यूयॉर्क अशा फेरीबरोबर त्यांना हिरोशिमा व नागासाकीलाही नेले जाते. भारताने विजय गोखले परराष्ट्र सचिव असताना, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्लीच्या परराष्ट्र सेवा संस्थेत याच धर्तीवर विदेशी तरुण राजनयिकांसाठी स्वतःची शिष्यवृत्ती सुरू केली. दिल्लीची संरक्षण अध्ययन संस्था १९६५ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना स्थापन झाली. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. नेहरू विद्यापीठातील केंद्राच्या नावातच निःशस्त्रीकरण हा शब्द आहे. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभागातील डॉ. श्रीकांत परांजपे यांचे अमेरिकेच्या दक्षिण आशियातील प्रसारबंदी धोरणावरील पुस्तक १९८७ सालचे आहे, म्हणजे अणुकराराच्या चर्चेपूर्वी कितीतरी वर्षे आधीचे. हरियाणातील बहादूरगडजवळ अणुविभागाचे जागतिक भागीदारी केंद्र उभे राहिले आहे. त्यात अणुसुरक्षेच्या अभ्यासाची वेगळी शाळा आहे.

मराठी घरांना जवळचे म्हणून ग्वाल्हेरचाही उल्लेख करायला हवा. शिंदे दरबाराच्या आश्रयाने १९४७ साली तेथे जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा निघाली. तिच्यातूनच पुढे संरक्षण खात्याची रासायनिक व जैविक बचावाची प्रयोगशाळा वाढली, आणि रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या यादीत तिला स्थान मिळाले. भारताने आपला रासायनिक अस्त्रांचा घोषित साठा निरीक्षकांच्या देखत २००९ साली नष्ट करून पूर्ण केला. शस्त्रनियंत्रण हे कागदावरच राहते असे म्हणणार्‍यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परदेशात या विषयाचे सर्वांत नावाजलेले शिक्षणकेंद्र कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे विल्यम पॉटर यांनी १९८९ मध्ये काढले. त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना देश वाटून दिले जात आणि सत्रभर त्या देशाच्या भूमिकेतून वाटाघाटी कराव्या लागत. आपल्या देशाची बाजू मांडणे कोणालाही जमते. विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली की मग मसुद्यातील फट दिसू लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मिडलबरी महाविद्यालयाने माँटेरीतील पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण अर्थातच पैसा. अमेरिका आणि रशिया यांच्या मोठ्या अस्त्रांवर मर्यादा घालणार्‍या अखेरच्या कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. करार संपत असताना तो पुन्हा जुळवणारी माणसे घडवणारा वर्गही संपावा, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला क्षेपणास्त्रांच्या संख्येपेक्षा अधिक चिंतेची वाटते. क्षेपणास्त्र दोन-चार वर्षांत बांधता येते. तारापूर, जिनिव्हा आणि व्हिएन्ना पचवलेला माणूस तयार व्हायला वीस वर्षे लागतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो डॉक्टरांकडूनच येण्याची शक्यता अधिक आहे. हे सारे शिक्षण अस्त्रे टिकवून ठेवण्याचे समर्थन शिकवत नाही काय? १९८० साली अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि १९८५ चे नोबेल शांतता पारितोषिक तिला मिळाले. तिच्याशी संलग्न भारतीय डॉक्टरांची संघटना १९९९ पासून काम करते. मार्च २००८ मध्ये जागतिक अधिवेशन दिल्लीत भरले होते. त्यांचे म्हणणे साधे आहे. हिरोशिमात बहुसंख्य डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत वा जखमी झाल्या, तेव्हा अशा प्रसंगी उपचार शक्य नाहीत, फक्त प्रतिबंध शक्य आहे. हा युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या निर्विवाद आहे. भारताच्या अणुधोरणावर कोणाचेही मत काहीही असो, वाटाघाटी करणार्‍याने हिरोशिमाच्या रुग्णांचे अहवाल वाचलेले असावेत आणि अस्त्रविरोधी डॉक्टरने चौदावे कलम वाचलेले असावे. संयुक्त राष्ट्रांच्या शिष्यवृत्तीत हिरोशिमाचा प्रवास ठेवला आहे तो बहुधा याच विचाराने. आपल्याकडे या दोन बाजू एका खोलीत क्वचितच बसतात. एकमेकांना भोळे किंवा निर्दय ठरवून मोकळ्या होतात.

उज्जैनच्या मराठी घरांतून मुले अभियांत्रिकीला जातात, वैद्यकीयला जातात, पुण्याला आणि परदेशी जातात. या क्षेत्राचे नाव त्यांच्या कानावरही पडत नाही. वास्तविक त्याचा एक दरवाजा सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ साली झाली आणि भाभांनी तुर्भ्याला सुरू केलेल्या प्रशिक्षण विद्यालयाची शाखा तेथेही चालते. दुसरा दरवाजा परराष्ट्र सेवेचा, तिसरा कायद्याचा. फ्रेंच किंवा रशियन यांपैकी एक भाषा या तिन्ही वाटांवर कामाला येते, आणि ती सोळाव्या वर्षी शिकायला लागणे पस्तिसाव्या वर्षापेक्षा सोपे आहे. डॉक्टरांनाही वाट बंद नाही. व्हिएन्नाच्या संस्थेत मानवी आरोग्याचा विभाग असून कर्करोगतज्ज्ञ तेथे काम करतात. भाभा केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र भारताने व्हिएतनामला भेट दिले, ते याच संस्थेच्या मार्फत.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास इंदूरच्या केंद्रात विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. मंडळाने एका वर्षी अकरावी-बारावीच्या मुलांची एक बस तेथे न्यावी, आणि बरोबर शहरातील एखाद्या किरणोपचारतज्ज्ञाला पाठवावे. येताना बसमध्ये त्यांनी गोयानियाची हकिकत सांगितली तरी पुरे.